झुपका जमिनीलगत की देठावर

माझ्या मेहुण्याला खाणीत सगळे बारीकराव म्हणायचे. माणूस एवढा आडवा की दारात उभा राहिला तर खोलीत अंधार व्हायचा. नाव पडलं ते त्याच्या बघण्यावरून. दगडात भोक पाडायच्या आधी तो दगडावर ओला हात फिरवायचा, वाकून नाक टेकवायचा, चीर कुठे आहे आणि थर कुठे कलला आहे ते शोधायचा. मुकादम म्हणायचा, हा भोक पाडायला आलाय की मुलगी बघायला. पण त्याची भोकं सरळ जायची. मी सुरुंग भरणारा. भोक वाकडं असलं की दगड भलतीकडे उडतो. त्याने पाडलेलं भोक मला कधी पुन्हा करून घ्यावं लागलं नाही. असं मी फार थोड्या माणसांबद्दल म्हणू शकतो.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मला दाजी म्हणायचा आणि कामावरसुद्धा अहोजाहो करायचा. त्यावरून आमची पुष्कळ थट्टा झाली.

खाण चुनखडीची. तिच्या कडेला एक टेकाड होतं आणि टेकाडाच्या पायथ्याशी कामगारांच्या घरांची ओळ. निवृत्त झाल्यावरही कंपनी जुन्या लोकांना तिथून हलवत नसे. मी आधीच गावाच्या दुसऱ्या टोकाला घर केलं होतं. बारीकराव मात्र ओळीतल्या शेवटच्या घरातच राहिला, तो आणि त्याची बायको, आमच्या वहिनी. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे एक पायरी. मागचं दार उघडलं की टेकाडाचा चढच लागायचा.

मूलबाळ झालं नाही. वहिनींची नजर चाळिशीच्या आधीच जायला लागली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं की यावर इलाज नाही. बारीकराव त्यांना आणखी मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि तेच ऐकून परत आला.

त्या घरात मात्र वहिनी आंधळ्या वाटायच्या नाहीत. नवा माणूस आला तर त्याला कळायला वेळ लागायचा. काडेपेटी, सुरी, मिठाची बरणी, सगळ्यावर हात सरळ जाऊन पडायचा. मधली पायरी उतरताना पाय जराही अडखळत नसे. एकदा संध्याकाळी वीज गेली. आम्ही सगळे जागच्या जागी चाचपडत बसलो आणि त्या भरलेले कप घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज सगळे माझ्या देशात आलात. बसा."

आमच्या घरी आल्या की हीच बाई वेगळी व्हायची. जिथे बसवलं तिथे बसून राहायची. पाणी हवं असलं तरी माझ्या बायकोची चाहूल लागेपर्यंत थांबायची आणि मग हळूच, "वन्सं, जरा पाणी." एवढा वेळ तहान दाबून ठेवली होती हे मला त्यांच्या पिण्यावरून कळायचं. जाताना त्या बारीकरावाच्या दंडाला धरून निघायच्या आणि आपल्या दाराला हात लागला की दंड सोडून द्यायच्या.

थंडी सरता सरता नोटीस लागली. खाणीचा पुढचा दगड संपला होता, कंपनीला टेकाड फोडायचं होतं. घरांची ओळ पाडणार, प्रत्येकाला गावाबाहेरच्या नव्या इमारतीत जागा देणार. ओळीतल्या बऱ्याच लोकांना हे हवंच होतं. घरं गळत होती, नळाला पाणी धड येत नव्हतं, आणि स्वयंपाकघरात रोज दगडाची भुकटी पुसून पुसून बायका कंटाळल्या होत्या. बारीकराव नोटिशीसमोर उभा राहिला आणि घरी न जाता थेट माझ्याकडे आला. म्हणाला, तिला तिथे नेलं तर ती खुर्चीत बसेल आणि मग उठणार नाही. मला आमच्या घरातल्या वहिनी दिसत होत्या.

नोटिशीच्या शेजारी सरकारी खात्याचा एक तक्ता लावला होता. त्यावर चित्रं होती. यातलं एखादं झाड कोणाला खाणीच्या जागेवर दिसलं तर कळवावं, तिथे खोदकाम करता येणार नाही, असं लिहिलं होतं. खालच्या कोपऱ्यात एक निळं फूल होतं, करंगळीच्या नखाएवढं. आम्ही त्याच्या भावंडांना दूधफूल म्हणायचो. ते खाल्लं की गाय दूध जास्त देते असं जुनी माणसं सांगत. आमच्यात गाय कोणाकडेच नव्हती, त्यामुळे खरंखोटं माहीत नाही. डबा खायला टेकाडावर बसलं की ते गवतात दिसायचं.

बारीकराव खात्याच्या कचेरीत गेला. मीही बरोबर गेलो. तिथे वनस्पतींचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं आणि कागदावर चार रोपटी काढून समजावली. घाई केली नाही. त्यांचं म्हणणं असं की दूधफूल हे एक झाड नाहीच, त्याच्या चार जाती आपल्या भागात आहेत. रंगावर जायचं नाही, कारण प्रत्येकीत निळी, गुलाबी आणि पांढरी फुलं येतात. बघायची ती पानं. पहिलीची पानं देठावर एकाआड एक. दुसरीची खालची पानं जोडीने, समोरासमोर, आणि ती चुनखडीवर येतच नाही. तिसरीचा देठ खाली उघडा असतो, थोडं वर गेल्यावर पानांचा झुपका लागतो आणि झुपक्यातून फुलांचे तुरे निघतात. चौथीचा झुपका थेट जमिनीला टेकलेला. फूल सगळ्यात लहान, पान कडू. तक्त्यावरची ती चौथी. बाकीच्या तिघींची वानवा नाही.

परत येताना बारीकराव म्हणाला, एका घरातल्या चार जावा आहेत म्हणायच्या. लांबून सगळ्या सारख्या, जवळ गेलं की एकेकीची तऱ्हा निराळी. मी म्हटलं, आणि तुला त्यातली नेमकी धाकटी हवी. तो हसला. त्या दिवसांतलं त्याचं तेवढंच हसणं मला आठवतं.

निघताना बाईंनी बजावलं होतं, उपटू नका. चौथी फार थोडी उरली आहे. हे त्याने मनावर घेतलं. सगळं पुढचं त्यातूनच झालं.

फुलं उमलायला लागली तसा तो रोज टेकाडावर. त्याने काम खाणीत करायचा तसंच केलं. दोरी लावून टेकाडाचे पट्टे पाडले आणि एक पट्टा संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही. गुडघ्यांना जुन्या पोत्याचे तुकडे बांधले. मी जाऊन बसायचो. वाकणं मला जमत नव्हतं, कंबर गेली आहे, पण दोरी धरायचो. खालून लोक बघायचे. एकाने मला विचारलं, तुमचा मेहुणा काय हरवलंय म्हणून शोधतोय. मी म्हटलं, काही नाही, भाऊबंदांची ओळख करून घेतोय.

पहिली सापडली ती वरच्या गवतात, ढिगाने. दुसरी नव्हतीच. आणि मग टेकाडाच्या खाणीकडच्या अंगाला, दगड भरडायच्या यंत्राच्या वरच्या बाजूला, त्याला जमिनीला टेकलेले झुपके दिसले. निळ्या तुऱ्यांचा एक मोठा डाग होता. त्याने मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मी कसाबसा चढून गेलो. झुपका जमिनीलगत होता, त्यात काही शंका नव्हती. त्याने झुपक्यातलं एक पान खुडून चावलं, एक मला दिलं. कडू होतं.

"फूल जरा मोठं नाही का?" मी विचारलं.

"जागा चांगली मिळाली असेल," तो म्हणाला.

भोक पाडताना हा माणूस अशी सबब कोणाची ऐकून घेत नसे.

फोटो काढून पाठवले. बाईंचा फोन आला, त्याही उत्साहात होत्या. त्या स्वतः येऊन बघेपर्यंत टेकाडाला हात लावायचा नाही असा आदेश खाणीला मिळाला. ओळीत काही जणांनी बारीकरावाची पाठ थोपटली. बरेच जण बोलेनासे झाले. एक शेजारी, ज्याच्याबरोबर तो अर्धं आयुष्य डबा खात आला, दारात उभा राहून म्हणाला, "एका गवतापायी आमचा नळ अडवलास, बारीकराव." वहिनींनी आतून सांगितलं की पाणी हवं असेल तर आमच्याकडे भरलेलं आहे, घेऊन जा. शेजारी निघून गेला.

त्या दिवसांत बारीकराव बरा दिसायचा. घराच्या मागच्या दाराची बिजागरी बदलली. मधल्या पायरीची निखळलेली फरशी बसवली. ज्या घरात राहायचं नाही त्याची डागडुजी कोणी करत नाही.

बाई यायच्या आधीच्या आठवड्यात खाणीत जुन्या बाजूला सुरुंग झाला. त्या हादऱ्याने टेकाडाच्या कडेचं एक ढेकूळ सुटून खाली आलं. त्यावर दूधफुलाचं एक रोप होतं, मुळासकट. बारीकरावाला वाईट वाटलं, पण म्हणाला, गेलंच आहे तर निदान हिला तरी दाखवू. एवढे दिवस त्याने वहिनींसाठी एक रोपही उपटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. त्याने ढेकूळ वहिनींच्या हातात ठेवलं.

"हे बघ," तो म्हणाला. हा शब्द तो त्यांच्याशी नेहमीच वापरायचा आणि दोघांनाही त्यात काही वाटत नसे. "एक पान चाव. कडू आहे की नाही सांग."

वहिनींनी चावलं.

"गवत लागतंय."

"नीट चाव की."

"चावलं नीट. गवतच आहे. तुम्हा दोघांच्या तोंडात जन्मभर चुना गेलाय. माझा चहासुद्धा तुम्हाला कडू लागतो."

मी हसलो. तो हसला नाही. वहिनींची बोटं तुऱ्यावरून खाली यायला लागली होती. फुलं, मग पानं, मग झुपका. झुपक्यापाशी बोटं थांबायला हवी होती, कारण पुढे जमीन होती. पण वहिनींनी नखाने जमीन खरवडली आणि ती अंड्याच्या कवचासारखी फुटली. खाली सुटी पांढरी भुकटी होती. ती त्यांनी फुंकरीने उडवली.

"इथे पानं नाहीत," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

त्यांनी त्याचं बोट धरलं आणि झुपक्याच्या खालून फिरवलं. उघडा देठ होता, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या लांबीचा. त्याच्या खाली मूळ. भरडायच्या यंत्राची भुकटी वर्षानुवर्षं त्या अंगावर बसत होती, पाण्याने घट्ट होत होती. रोपांचे उघडे देठ तिच्यात बुडाले होते आणि वरचा झुपका जमिनीला टेकल्यासारखा दिसत होता. आम्ही ज्याला जमीन समजलो ती आमच्याच कामाची धूळ होती. जन्मभर तिच्यात राहिल्यावर ती वेगळी काढून बघायचं सुचलं नाही. डोळे असलेल्या दोघांना तर नाहीच.

"म्हणजे तिसरी," वहिनी म्हणाल्या. त्यांनाही चार जावा तोंडपाठ झाल्या होत्या.

बारीकराव खाली बसला. मीच बोललो. म्हटलं, बाईंनीच सांगितलंय उपटू नका, त्या काय उपटून बघणार आहेत, झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे. वहिनींनी ढेकूळ ओट्यावर ठेवलं, हात पदराला पुसले.

"दाजी, मला दिसत नाही तरी कळलं. त्या बाईंना तर दिसतं."

त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. घर कोणाचं जाणार होतं हे त्या खोलीत त्यांनाच सगळ्यात जास्त कळत होतं. मग त्यांनी विचारलं की कप रिकामे झाले का, आणि धुवायला घेतले.

उरलेल्या दिवसांत बारीकरावाने टेकाड पुन्हा घेतलं. दोरी पुन्हा, पट्टे पुन्हा. या वेळी तो प्रत्येक झुपक्याखाली बोट घालून बघत होता. वर वहिनींनी दिलेला घरचा झाडू नेला होता, त्याने भुकटी झाडायचा. कष्टात कसूर नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण खाणीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. नसलेला दगड घण मारून निघत नाही. चौथी तिथे नव्हती.

बाई आल्या त्या गुडघ्यांखाली घालायला जाड कापडाच्या पिशव्या घेऊन, गळ्यात भिंग आणि हातात मऊ कुंचला. बारीकराव त्यांना त्या डागाकडे घेऊन गेला. बाई बसल्या, एक फूल भिंगातून बघितलं, पट्टी लावली. तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला होता. मग कुंचल्याने झुपक्याखालची भुकटी हळूहळू झाडली. उघडा देठ वर आला. त्यांनी दुसरं रोप घेतलं, तिसरं घेतलं. मग वर बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आठवडा झाला," बारीकराव म्हणाला.

"मग फोन का नाही केलात?"

"एकदा चुकलो होतो ना. म्हटलं, दुसऱ्यांदाही माझंच चुकत असेल."

बाईंनी भिंग पुसलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आलेच आहे तर सगळं टेकाड बघते. आणि बघितलं. जेवायला थांबल्या नाहीत, सावली शोधली नाही, गुडघ्यांवर सरकत वरपासून खालपर्यंत आल्या. शहरातल्या माणसाकडून एवढ्या कामाची माझी अपेक्षा नव्हती. वहिनींनी पाणी दिलं ते बाई उभ्याउभ्या प्यायल्या. वहिनी ग्लास परत घेऊन, मागे न वळता, मागे हात करून तो जागेवर ठेवत होत्या तेव्हा बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना तेव्हाच समजलं असावं की हे सगळं कशासाठी चाललं होतं. पण जे दिसलं तेच त्यांना लिहिणं भाग होतं.

आदेश उठला. ओळीत कोणी टोमणा मारला नाही. नळाचं बोलणारा शेजारी येऊन सामान बांधायला मदत करून गेला. ते बारीकरावाला जास्त लागलं.

नव्या इमारतीतली जागा वाईट नाही, हे मला म्हणायला हवं. भिंती कोरड्या, पाणी भरपूर, भुकटी नाही. बारीकरावाने सामान लावायच्या आधी जुन्या घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा दोरीने मापून आणली होती. मनात असं की वहिनी आत येतील, हात पुढे करतील, आणि हाताला तेच लागेल. पण जागा उलटी निघाली. जुन्या घरात स्वयंपाकघरात शिरलं की ओटा उजव्या हाताला होता, इथे डाव्या. नळ डाव्या, खिडकी डाव्या, दार उघडायचं तेही उलट्या अंगाला. समोरच्या जागा सुलट होत्या. बारीकराव समोर अदलाबदलीचं विचारायला निघाला तेव्हा वहिनींनी अडवलं. त्यांनी कालच पडदे लावलेत, म्हणाल्या, तुम्ही आणखी किती जणांचं अडवणार.

जन्मभर खडकात भोकं पाडणारा माणूस, त्याला घरातली एक भिंत हलवायची परवानगी नव्हती. त्याने दुसरं केलं. भिंतीच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडी बसवली, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून न्हाणीपर्यंत. पॉलिश पेपरने अशी घासली की हातात कुसळ जाणार नाही. काम उत्तम होतं. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला. "मला रुळावर घातलंत की," म्हणाल्या.

सुरुवातीला त्या दांडीने चालल्या. पण ओट्यापाशी आलं की हात सवयीने उजवीकडे जायचा आणि हवेत राहायचा. मग थांबून, आठवून, डावीकडे. आठवेपर्यंत दूध उतू जायचं. एकदा तापलेल्या भांड्यावर तळवा पडला. माझी बायको रोज जायला लागली. जखम भरली, पण त्यानंतर वहिनी ओट्याकडे गेल्या नाहीत. बारीकराव स्वयंपाक करायला शिकला. भाजीच्या फोडी तो दगडासारख्या मोठ्या करतो आणि त्या शिजत नाहीत. वहिनी चावतात, बोलत नाहीत.

परवा मी गेलो होतो. टेकाडाचं अर्धं अंग गेल्याचं बारीकरावाने मला खालच्या आवाजात सांगितलं. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. बोलता बोलता त्या मधेच गप्प झाल्या आणि मान त्याच्या पावलांच्या आवाजाकडे वळवली. मला ओळखू आलं, आमच्या घरी त्या अशाच थांबायच्या. बारीकराव उठला, पाणी आणलं, ग्लास त्यांच्या हातात दिला. त्या घटाघटा प्यायल्या. मग रिकामा ग्लास कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. कोणाला विचारलंही नाही. दोन्ही हातांत धरून, मांडीवर घेऊन, तशाच बसून राहिल्या.